बहुधा नकारार्थी

ग्रिम्सबीच्या गोदीमागे, वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर
दर मंगळवारी साडेसहाला आम्ही जमायचो,
साबणाने तीनदा धुऊनही
बोटांना हॅडकचा वास.

ब्रेंडाबाई कागद वाटायच्या.
डावीकडे वाक्प्रचार, उजवीकडे अर्थ,
मधली रेघ आपण मारायची.
रेघा तिरक्या जात, एकमेकींना छेदत,
जाळं गुंतावं तशा.

थंड पाय : ऐनवेळी कच खाणं.
लेतेब्रहानने हात वर केला.
माझे पाय सकाळी सहापासून थंड आहेत,
रबरी बुटात, बर्फाच्या पाण्यात.
कच खाल्ली असती तर इथवर आले असते का?
बाई म्हणाल्या, खरं आहे तुझं,
पण रेघ चार नंबरलाच मार.

पाण्याबाहेरचा मासा : परक्या जागी अवघडलेला माणूस.
रासा इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.
दिवसभरात आपल्या पट्ट्यावरून किती जातात गं,
एक तरी अवघडलेला दिसलाय?

सातवा प्रश्न बादलीचा.
बादलीला लाथ मारणं म्हणजे मरणं, गाशा गुंडाळणं.
हेमिनने तो शिकायच्या आधीच वापरला होता.
पहाटपाळीला जाताना खरीखुरी बादली आडवी आली, घोटा सुजला,
त्याने साहेबाला फोन लावला :
आय किक्ड द बकेट, आज येत नाही.
पलीकडे शांतता. मग,
अरे बाबा, मग बोलतंय कोण?
पगार कापलाच.

आणि कोपऱ्यात, किटलीपाशी, क्लिफ.
बाईंचा नवरा. पूर्वी ट्रॉलरवर,
उत्तरेच्या समुद्राला दोन बोटं देऊन आलेला.
उरलेल्या आठांनी चहा करायचा.
नावं त्याला कधीच धड आली नाहीत,
साखर मात्र तोंडपाठ :
लेतेब्रहान तीन चमचे, ओविदिउ बिनसाखरेचा,
मला अर्धा, आणि वर एक भुवई.
व्याकरण हा काही माझ्या चहाचा कप नाही,
असं म्हणून हातातला कप वर धरायचा, एकटाच हसायचा.
आम्हाला तो विनोद कळेपर्यंत मार्च उजाडला.
माय कप ऑफ टी : आपल्या आवडीचं.
खाली बाईंची टीप, बारीक अक्षरात :
बहुधा नकारार्थी वापरतात.

मग एका मंगळवारी खोलीला कुलूप.
वाचनालयातली मुलगी जिन्यात आली, म्हणाली,
वुई हॅव लॉस्ट क्लिफ.
ओविदिउ लगेच जाकिटाची चेन ओढू लागला.
हरवला? गोदीकडे गेला असेल.
माझ्या गाडीत बॅटरी आहे, चला.

रासाने त्याला सांगितलं.
एका साध्या शब्दात,
जो आमच्या कुठल्याच कागदावर नव्हता.
बादली सगळ्यांना येत होती.
कोणी तिला हात लावला नाही.

कार्ड घेतलं, पांढऱ्या फुलांचं.
आत काय लिहायचं यावर तासभर गेला.
शेवटी लेतेब्रहानने पेन ओढून घेतलं,
क्लिफ वॉज अवर कप ऑफ टी.
हेमिन वाकून बघत म्हणाला, नॉट राहिला.
राहिला नाही, ती म्हणाली.
काढलाय.

तीन आठवड्यांनी बाई आल्या.
कार्ड उघडलं तेव्हा सवयीने
लाल पेन हातात होतं, टोपण काढलेलं.
वाचलं. पुन्हा वाचलं.
टोपण लावायला दोनदा चुकल्या.

पावणेआठ वाजले, कोणी हललं नाही.
मग ओविदिउ उठला,
किटलीचं बटण शोधत राहिला थोडा वेळ.
सगळ्यांची साखर चुकली.
आम्ही प्यायलो.